कॅमेरा पाठवते आहे, कॅसेट नाहीत

पुणे

चि. निनादास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेल्या अर्ध्याला "हो गं" म्हणतोस, म्हणून हे लिहून पाठवते आहे. आधी कामाचं. पेंटॅक्स के१००० कॅमेरा आणि १३५ मिलिमीटरची लेन्स रविवारी तुझ्या मावसभावाबरोबर बंगळूरला निघेल. तू मागितलेलं गाण्याच्या कॅसेटचं खोकं मात्र इथेच राहणार. का, ते पुढे लिहिलं आहे. लगेच फोन उचलू नकोस, पत्र पुरतं वाच.

कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. सगळा कारभार यांत्रिक. बटणाएवढा सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, आणि तो संपला तरी फोटो निघतो, अंदाज मात्र तुझा तुला करावा लागतो. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायची सोयच नाही. लेन्सला झाकण लावलं की अंधार होतो आणि मीटर झोपतं. तेव्हा झाकण हरवू नकोस. मागच्या दाराच्या खाचेतला फोम वितळून चिकट झाला होता, तो खरवडून मी तिथे काळी लोकर बसवली आहे. उजेड शिरत नाही, बघितलंय.

फिल्म कुठली घेऊ, असं विचारलंस. कोडॅकची ट्राय-एक्स नाहीतर इलफर्डची एचपी५, दोन्ही ४०० च्या (आकडा मोठा तितकी फिल्म कमी उजेडात चालते). मैफलीत ४०० पुरत नाही. म्हणून डायल १६०० वर ठेवायचा, आख्खा रोल तसाच काढायचा आणि डेव्हलप करताना वेळ वाढवायचा. लॅबला द्यायचा असेल तर डबीवर "१६००" असं ठळक लिहून दे, तोंडी सांगू नकोस. याची किंमत मोजावी लागते. सावलीतले तपशील जातात, काळं ते काळंच राहतं, आणि दाणा जाड होतो. मला तो दाणा आवडतो. काळ्या पडद्यापुढे पांढरी बंडी आणि एक हात, एवढंच उरतं कधी कधी, आणि तेवढं पुरतं.

आमच्या वेळी ट्राय-एक्स म्हणजे कुणी परदेशातून आणली तर. एरवी पूर्व जर्मनीची ओर्वो एनपी २७, नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू. शंभर फुटांचा रोल एकदम घ्यायचा, बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घालायचे आणि चाचपडत वापरलेल्या डब्यांमध्ये छत्तीस-छत्तीसचे तुकडे भरायचे. रेडीमेड रोलपेक्षा बरंच स्वस्त पडायचं. तो उटीचा कारखाना आता बंद आहे. तू आज एका रोलला जे पैसे देतोस ते बाबांना सांगू नकोस.

डेव्हलपिंगबद्दल मी लांबण लावत नाही, त्याचे व्हिडिओ तू माझ्याआधी बघितले असशील. डी-७६ हे फिल्म धुण्याचं रसायन वीस अंशाला वापरायचं, आणि आपल्याकडच्या नळाला वीस अंश हिवाळ्यातसुद्धा मुश्किलीने मिळतं, म्हणून घमेल्यात बर्फ. आपल्या बाथरूममध्ये रविवारी सकाळी मी कडी लावून बसले की बाबांची आंघोळ अकराला ढकलली जायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही. कुरकुर केली, ती वेगळी.

आता खरं सांगायचं ते. शटर कधी दाबायचं?

रमणबागेत, सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात, मी नेहमी भारतीय बैठकीत बसायचे. खुर्चीत बसलं की पुढच्यांच्या माना आड येतात, आणि खाली बसल्यावर एक गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकता येतं. १३५च्या लेन्सला शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवलंस तर हात हललेला दिसणार. स्टेजवरच्या उजेडात मीटर बहुतेक वेळा १/६० च दाखवतं. म्हणजे तू स्थिर बसून भागत नाही, गवयानेही थांबायला हवं. तो थांबतो कधी? समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, सुरू झाला की हात उचलला जातो, तबलजीची मान वर येते, मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येचे डोळे गुरूकडे लागतात, आणि समेवर निमिषभर सगळेच जागच्या जागी असतात. तो तुझा फोटो. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) कधी कधी पाऊण-एक मिनिट चालतं. चुकलास तर तेवढं थांब, परत येईल.

दुसरं म्हणजे के१०००चा आरसा चांगला "खटॅक" वाजतो. आलापीत तो आवाज चार रांगांपर्यंत जातो आणि माना वळतात. समेला दाद उठते, "वा" "क्या बात है" होतं, त्यात तो बुडतो. म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच. पण सम आली हे कळल्यावर दाबलंस तर उशीर झालेला असतो. ती येते आहे हे आधी कळायला हवं. तान घेताना गवयाचं तोंड वेडंवाकडं होतं, ते टिपणारे फोटोग्राफर मला आवडत नाहीत. मोबाइलवर सेकंदाला वीस फोटो काढून नंतर निवडणाऱ्यांचं तेच होतं, निवडायला हाती वेडीवाकडी तोंडंच येतात. सतीश पाकणीकरांनी टिपलेले गायक-वादकांचे फोटो मिळतील तिथे बघ.

पूर्वी सवाई रात्रभर चालायचा, ते तू लहानपणी शालीत झोपून अनुभवलं आहेस, म्हणजे काहीच अनुभवलं नाहीस. शेवटच्या रात्रीच्या अखेरीस पहाट व्हायची. स्टेजवरचे दिवे तेच, पण मांडवाच्या कडेने आभाळाचा उजेड आत यायचा आणि मीटरचा काटा हळूहळू वर सरकायचा. १/६० चे १/१२५, मग १/२५०. आणि त्याच वेळी समोर भैरव किंवा तोडी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि ते सत्र गेलं. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही, गणपतीत आपणच खिडक्या लावून बसतो. पण सकाळचे राग सकाळी, हजारो माणसांत बसून ऐकायला मिळणं संपलं, हेही खरं. आता महोत्सव मुकुंदनगरला होतो. पार्किंग बरं आहे.

तुझ्या त्या गिटारवाल्या बँडच्या कार्यक्रमाला तू मला मागे घेऊन गेलास, तेव्हा मी कानात कापूस घातला होता, पण डोळे उघडे होते. ड्रमवाला आणि बेसवाला एकमेकांकडे बघतात, आणि मग गाणं पालटतं. तिथेही तीच गोष्ट. ते बघणं तुला दिसलं की पुढचे दोन ठोके तुझे. लाल-निळ्या दिव्यांत मीटर फसतं, चेहऱ्यावर पांढरा झोत येईल तेव्हाच दाब. आणि बंगळूरला आहेस तर चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीचा संगीत उत्सव चुकवू नकोस. श्रीरामसेवा मंडळी १९३९ पासून तो करते आहे, चांगला महिनाभर चालतो. कर्नाटक संगीत तुला समजत नाही म्हणतोस. तिथले श्रोते मांडीवर हाताने ताल धरतात, त्यांच्या हातांकडे बघत बस, सम कुठे आहे ते आपोआप कळेल. पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊ नकोस.

आता कॅसेट.

त्या खोक्यात दोन प्रकारच्या कॅसेट आहेत. एक, शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा तो. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना, १९५२ साली तो सुरू झाला. त्यांनी रेडिओवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली म्हणून लोक नावं ठेवतात, पण या एका कार्यक्रमासाठी मी त्यांना बरंच माफ केलं आहे. दोन, घरगुती बैठकी. तिथे मी प्रत्येक वेळी कलाकाराला विचारूनच मशीन लावलं. "घरात ऐकायला" म्हणून परवानगी मिळाली आहे, तेव्हा त्यातलं काहीही यूट्यूबवर जाणार नाही. हे पक्कं.

कार्यक्रम दीड तासाचा आणि सी-९० ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. म्हणजे मध्येच कॅसेट उलटायची, आणि उलटताना काही सेकंद जाणारच. ती कुठली जाऊ द्यायची, हे मी टेपकडे बघून ठरवायचे नाही, गाण्याकडे कान लावून ठरवायचे. आता मध्य लयीची बंदिश येणार, तबलजी ठेका लावून थोडा हात मोकळा करणार, तेवढ्यात उलटायची. कधी बाजू संपायला पाच मिनिटं असतानाच उलटावी लागे. तुझ्या छत्तीस फोटोंच्या रोलचंही हेच आहे. तेहतिसाव्याला थांब, सावकाश रिवाइंड कर, नवा भर, आणि द्रुत, म्हणजे जलद गाणं, सुरू होईल तेव्हा तयार राहा.

खोकं पाठवत नाही त्याचं कारण असं. कॅसेट वाजवणाऱ्या डेकमध्ये टेप ज्याला घासून जाते त्या हेडमध्ये एक बारीक फट असते, ती टेपच्या चालीला बरोबर काटकोनात लागते. केसभर तिरकी असली तर वरचे, तलम आवाज जातात. दर डेकचा हा कोन किंचित वेगळा. ज्या मशीनवर भरलं त्याच मशीनवर कॅसेट सर्वांत स्वच्छ वाजते. तुझ्या त्या जुन्या बाजारातल्या वॉकमनवर तंबोरा नुसता घुमेल, जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, झिलई ऐकू येणार नाही, आणि तू म्हणशील कॅसेट खराब झाल्या. आपल्या डेकचा बेल्ट मी तपकीर गल्लीतून आणून बदलून घेतला आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारका स्क्रू आहे. कॅसेट लावायची, मोनोवर ऐकायचं, आणि तो स्क्रू पाव फेऱ्याहून कमी इकडेतिकडे करत तंबोऱ्याकडे लक्ष द्यायचं. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, अगदी तसं. एका जागी आवाज उघडतो. तो कसा उघडतो हे पत्रात लिहून समजणार नाही. ते इथे बसूनच करायला हवं.

कॅसेटवर "डॉ. बी." असं लिहिलेलं दिसेल. लहानपणी तू त्यांना फार मोठे गवई समजायचास. ते डॉल्बी बी आहे, टेपची खरखर कमी करायची सोय. त्या कॅसेट डॉल्बीचं बटण दाबूनच वाजवायच्या, नाहीतर खरखर आणि स-श जास्त टोचतात. काही कॅसेटमध्ये गाणं सुरू होण्याआधी तोच स्वर अगदी क्षीण, भुतासारखा ऐकू येईल. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. म्हणून मी दिवाळीत सगळ्या कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून ठेवते. बाबा त्याला माझा अन्नकोट म्हणतात.

आणि कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना तो "नॉइज रिमूव्ह" का काय, तो मूळ फाइलवर चालवायचा नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला जसं आहे तसं उतरवायचं, ती फाइल बाजूला ठेवायची, मग प्रतीवर हवे ते खेळ कर. ते सॉफ्टवेअर सतत चालणारा आवाज म्हणजे कचरा असं धरून चालतं. आपल्या संगीतात सतत चालणारा आवाज तंबोऱ्याचा असतो. तो कचऱ्याबरोबर जातो आणि गवई कोरड्या खोलीत गायला बसल्यासारखा वाटतो. मिडियम वेव्हवरून भरलेल्या एका कॅसेटमध्ये ऐन विलंबितात घर्रर्र असा आवाज येतो. तो शेजारच्या काकूंचा मिक्सर. रविवारच्या इडलीचं पीठ त्या शनिवारी रात्री दहाला वाटायच्या. तोही राहू दे.

सवाई गंधर्वांना मी समोर बसून ऐकलेलं नाही, ते १९५२ सालीच गेले. पण त्यांच्या नावाचा महोत्सव संपतो तो त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रिकेने. दिवस-दिवस जिवंत गाणं ऐकलेली माणसं शेवटी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी उठून उभं राहून ऐकतात, खरखरीसकट. कुणी ती खरखर पुसून द्या म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर रामनवमी झाली की चार दिवस रजा टाक आणि ये. तू गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायला वापरतोस तो यूएसबीचा डबा आण, त्याला डेक जोडायला लांब दुपदरी वायर आण, हार्ड डिस्क दोन आण, एक इथे राहील. हेड पुसायला आयसोप्रोपिल आणि कापसाच्या काड्या मी इथे घेऊन ठेवते. रोज चार-पाच कॅसेटच होतील. जेवढ्या मिनिटांचं गाणं तेवढीच मिनिटं लागणार, ते पळवता येत नाही, आणि तेवढा वेळ तुला माझ्याशेजारी बसून ऐकावं लागेल. पहिला रोल धुतलास की निगेटिव्ह घेऊन ये, फोनवर स्कॅन पाठवू नकोस. मी खिडकीशी धरून बघेन.

बाबांनी विचारलंय की येताना फिल्टर कॉफीची पूड आणशील का. अर्धा किलो, चिकोरी कमी.

तुझी,
आई