टोळीयुद्ध दोघांचं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला शिकागोच्या दारूबंदीकाळातल्या टोळ्यांवरचा लेख वाचला. एका बाजूला टोळीप्रमुख टोरिओ आणि त्याचा हस्तक कपोन, दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी टोळीचा ओबॅनियन, यांच्या वैराची हकिगत लेखकाने चांगली रंगवली आहे. पण या सगळ्यात शिकागोचे पोलीस जवळपास गायब आहेत, हे मला फार खटकलं.

अमेरिकेत 17 जानेवारी 1920 पासून बंदी आली ती दारू बनवण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावर. पिणं हा गुन्हा नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक जागच्या जागी राहिलं आणि धंदा तेवढा चोरटा झाला. आता बीअर काही खिशात घालून नेता येत नाही. पिंपांनी भरलेले ट्रक भररस्त्यानेच न्यावे लागतात. इटालियन वस्तीत जेना बंधूंच्या टोळीने घराघरांत भट्ट्या लावून दिल्या होत्या, त्यांचा वास गल्लीभर सुटे. ठाण्याने डोळेझाक केल्याशिवाय असा धंदा एक आठवडाही चालला नसता. जेनांच्या कोठारावर मॅक्सवेल स्ट्रीट ठाण्याचे पोलीस दरमहा हप्ता न्यायला येत.

लेखात ओबॅनियनचा खून वैरातून झाला एवढंच म्हटलं आहे. त्या वैराला तोंड फुटलं कुठे, ते आलंच नाही. ओबॅनियनने सीबेन ब्रुअरीतला आपला हिस्सा टोरिओच्या गळ्यात मारला, कारण तिथे धाड पडणार हे त्याला आधीच कळलं होतं. मे 1924 मध्ये धाड पडली, टोरिओ जागेवरच सापडला. आणि त्याच ब्रुअरीत मालाच्या रखवालीला स्थानिक ठाण्याचे पोलीस उभे होते! धाड घालणारेही पोलीस, राखण करणारेही पोलीस. नोव्हेंबरमध्ये ओबॅनियनला त्याच्याच फुलांच्या दुकानात मारलं. एकाने हस्तांदोलनाला घेतलेला हात सोडलाच नाही, बाकीच्यांनी गोळ्या घातल्या.

14 फेब्रुवारी 1929 च्या हत्याकांडाकडेही याच नजरेने पाहायला हवं. क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये सात जण भिंतीकडे तोंड करून मारले गेले. त्यांतली बहुतेक मोरानच्या, म्हणजे पूर्वीच्या ओबॅनियनच्या, टोळीतली मुरलेली माणसं होती. हात न उचलता रांगेत उभी राहिली, कारण आलेल्यांपैकी दोघांच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता. नेहमीची झडती आहे, पैसे देऊन सुटू, असंच त्यांना वाटलं असणार. मेलेल्यांत जॉन मे नावाचा लेकुरवाळा मेकॅनिक होता. त्याचा कुत्रा गॅरेजमध्येच बांधलेला होता. त्याचं रडणं ऐकून शेजारी धावले. या खुनांसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. संशय ज्याच्यावर होता त्या कपोनला 1931 मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली ती आयकर बुडवल्याबद्दल, तीही केंद्र सरकारने चालवलेल्या खटल्यात.

हा विषय आपल्याला परका नाही. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, तेव्हा काही पोलिसांना निलंबित करावं लागलं होतं. कपोनचे सूट आणि सिगार यांवर आजवर पुष्कळ छापून आलं आहे. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर तो मॅक्सवेल स्ट्रीटच्या हप्त्यांवर आणि ते घेणाऱ्यांना सांभाळणाऱ्या नगरनेत्यांवर असावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली