डायरी आतून कशी आहे, ते वेष्टनावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की स्टेशनरीच्या दुकानांत डायऱ्यांच्या थप्प्या लागतात आणि त्यांतल्या पुष्कळशा प्लास्टिकच्या वेष्टनात बंद असतात. गिऱ्हाईक कव्हर पाहते, रंग निवडते, किंमत विचारते आणि घेऊन जाते. आतला कागद किती जाड, दोन रेघांत अंतर किती, रविवारच्या वाट्याला पान किती, यातले काही बाहेर छापलेले नसते. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावे लागते. डायरीवर मात्र एखादा सुविचार असला की भागते. मग संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच लिहिणे थांबते आणि माणूस स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो. आम्ही कागद आणि बांधणीच्या व्यवसायातले आहोत. आमच्या मते अशा वेळी बहुधा माप चुकलेले असते.

माप काढायला दोन आठवडे पुरतात. साध्या एकरेघी वहीत रोज तारीख टाकावी आणि एरवी जेवढे लिहिले असते तेवढेच लिहावे. नवीन वर्षाचा उत्साह त्यात मिसळू नये. चौदा दिवसांनी ओळी मोजाव्यात. रोज चार-पाचच ओळी होत असतील तर डाव्या-उजव्या दोन पानांवर मिळून अख्खा आठवडा, ही आखणी भरपूर झाली. बारा-पंधरा ओळी होत असतील तरच दिवसाला एक पान घ्यावे, नाहीतर वर्षभर कोरी पाने उलटत बसावे लागते. त्याच वहीत ठरलेल्या वेळा किती आणि नुसती कामे किती, हेही पाहावे. ‘साडेदहाला दातांचा डॉक्टर’ ही वेळ. ‘पडद्यांना हुक लावणे’ हे काम. वेळा जास्त असतील तर तास छापलेले उभे रकाने हवेत. कामेच जास्त असतील तर तेच रकाने डोक्याला ताप होतात, कारण हुक नऊला लावायचे की चारला, हे ठरवण्यातच हुक राहून जातात. आजचे काम उद्यावर जाण्याची सवय असेल तर रोजच्या पानावर तेच तेच उतरवून हात दुखतो. अशांनी कामांची यादी आठवड्याला एकच करावी. तीनदा पुढे ढकललेल्या कामाला एक तर तारीख द्यावी, नाहीतर त्यावर सरळ काट मारावी.

आता वजन. ए5 म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. दिवसाला एक पान धरले की पुढच्या-मागच्या पानांसह सुमारे 200 कागद लागतात. 70 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाच्या) कागदाला ते साधारण 435 ग्रॅम भरतात आणि वर पुठ्ठा. म्हणजे अर्धा किलो झालाच. आठवड्याला दोन पाने घेतली तर 70 कागदांत काम होते आणि वजन 150 ग्रॅमच्या आसपास राहते. डबा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन रोज लोकल पकडणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. घरी राहिलेल्या डायरीत काही लिहिले जात नाही.

ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही ते म्हणजे रेघांमधले अंतर. इंग्रजी अक्षर रेघेवर बसते, आपले शिरोरेघेला लटकते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. शाळेच्या एकरेघी वहीत रेघा साधारण 8 मिलिमीटरवर असतात. डायरीत जास्त ओळी बसाव्यात म्हणून ते अंतर 6 वर आणले जाते: ए5 पानावर लिहायला 170 मिलिमीटर उंची मिळाली तर 8 च्या हिशेबाने 21 ओळी बसतात आणि 6 च्या हिशेबाने 28. सात ओळी वाढल्या, पण मराठीत लिहिणाऱ्याला त्या मिळत नाहीत. एका ओळीवर ‘दूध, फुले, पूजासाहित्य’ लिहा आणि लगेच खालच्या ओळीवर ‘गॅस, वीजबिल, शेंगदाणे’. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकले तर ती डायरी तुमच्यासाठी नाही. दोन दिवसांत तुम्ही एकाआड एक रेघ सोडू लागाल आणि 28 च्या 14 ओळी होतील. अक्षर बारीक असेल तर 7 मिलिमीटर चालते. ठिपक्यांच्या कागदावर ठिपके 5 मिलिमीटरवर असतील तर दोन ठिपक्यांची एक ओळ धरावी. रायडर कॅरल यांनी 2013 मध्ये मांडलेली बुलेट जर्नलची, म्हणजे कामे आणि नोंदी छोट्या खुणा करून टिपायची पद्धत अशा वह्यांत बरी जमते, पण त्यात सगळी आखणी स्वतःच करायची असते. दर आठवड्याला पट्टी घेऊन बसायचा कंटाळा असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

कागद पेनाप्रमाणे घ्यावा. बॉलपेनला 60-70 जीएसएमचा मॅपलिथो (लिहिण्या-छापण्याचा साधा कागद) चालतो. जेल पेनाला 80 बरा. शाईचे पेन असेल तर 80 च्या वरचा आणि शाई न शोषणारा हवा. नुसती जाडी उपयोगाची नाही, कारण शाई पसरू नये म्हणून घालतात ती खळ कमी असलेल्या जाड कागदावरही शाई धाग्यांतून पसरते. आपलेच पेन घेऊन शेवटच्या पानावर एक ओळ लिहावी, एका जागी टोक दोन सेकंद टेकवून ठेवावे, मिनिटभराने मागची बाजू पाहावी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागद दमट होतो आणि जानेवारीत नीट चाललेली शाई जुलैत फुटू शकते, हेही ध्यानात असावे.

बांधणी पाहायला डायरी मिटून पाठीच्या वरच्या टोकाकडे नजर टाकावी. घडीच्या गोलसर जुड्या दिसल्या तर ती बहुधा दोऱ्याने शिवलेली आहे. जुडीच्या मध्यभागी उघडल्यावर दोरा दिसला की खात्री झाली. गोंदाची सपाट पट्टी दिसली तर पाने एकेक चिकटवलेली असतात. अशी डायरी टेबलावर सपाट राहत नाही, आणि स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिली की गोंद मऊ पडून पाने सुटतात. वायरो (तारेच्या कड्यांची) बांधणी पूर्ण मागे दुमडता येते, पण बॅगेत तार चेपते आणि डावखुऱ्यांच्या हाताला टोचते.

वर्ष कुठून सुरू होते, हाही स्वभावाचाच भाग. शिक्षकांचे वर्ष जूनमध्ये उघडते. व्यापारी आणि कर सल्लागारांना एप्रिल ते मार्च सोयीचे, कारण आगाऊ कराच्या 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या चारही तारखा त्याच क्रमाने एका डायरीत येतात. शिकवणी घेणारे, पौरोहित्य करणारे, कार्यक्रमांचे निवेदक यांची धावपळ रविवारी. आणि नेमक्या त्याच दिवशी पुष्कळ डायऱ्या अर्धे पान देतात. ज्या घरात 1973 पासून ‘कालनिर्णय’च्या चौकोनात दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाते, त्या घराला दुसरी डायरी लागतेच असे नाही. चार जणांना एकाच वेळी दिसेल अशी नोंदीची जागा डायरीत मिळत नाही.

कपाटात भेट आलेल्या कोऱ्या डायऱ्या पडून असतील तर त्याही काढाव्यात. 2015 ची डायरी 2026 ला वार-तारखेसह जुळते, 2021 ची 2027 ला. सण मात्र खोडून नव्याने लिहावे लागतील: गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, आणि अधिक महिना आला की ती अडीच-तीन आठवडे पुढे सरकते.

तेव्हा डायरी काढणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की कागदाचे जीएसएम, रेघांमधले अंतर, बांधणीचा प्रकार आणि रविवारचे पान या चार गोष्टी वेष्टनावर छापाव्यात. सुविचाराची जागा त्यासाठी पुरेल. आणि दुकानदारांनी प्रत्येक प्रकारातली एक प्रत वेष्टन काढून काउंटरवर ठेवावी, शेवटची दोन पाने गिऱ्हाइकाने स्वतःच्या पेनाने खराब करावीत म्हणून.

आपले,
कागद आणि बांधणी व्यवसायातले दोन वाचक, पुणे