दर विचारला म्हणून सिबिल घसरू नये

मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांस,
स.न.वि.वि.

घरकर्ज घेण्याआधी चार बँकांचे दर पाहा, असा सल्ला सगळेच देतात. पण नेमका दर कळायला बहुतेक ठिकाणी अर्ज भरावा लागतो. अर्जावर सही झाली किंवा ॲपमधल्या संमतीच्या चौकोनात टिक पडली, की बँक क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि परतफेडीचा इतिहास, मागवते. ही चौकशी, म्हणजे हार्ड एन्क्वायरी, सिबिलसारखे क्रेडिट गुण घटवू शकते; ती अहवालात बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रकमेसह नोंदली जाते. अर्जाचं पुढे काय झालं, हे त्या नोंदीत नसतं. म्हणून चार ठिकाणी दर तपासून स्वस्त कर्ज निवडणारा आणि चार ठिकाणी नकार मिळालेला, दोघांच्या एन्क्वायऱ्या सारख्याच दिसतात. पुढची बँक बहुधा वाईट अर्थच काढते.

अमेरिकेत फायको या क्रेडिट गुण ठरवणाऱ्या कंपनीच्या नव्या गुणपद्धतींत घर, वाहन वा शिक्षणासाठी ४५ दिवसांत झालेल्या एकाच प्रकारच्या एन्क्वायऱ्या मिळून एकच धरतात. जुन्या पद्धतींत ही मुदत १४ दिवसांची आहे. आपल्याकडे असे अहवाल आणि गुण तयार करणाऱ्या, सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्यांना बंधनकारक असा नियम नाही. तो करा. घर, शिक्षण आणि वाहनकर्जासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्या. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जाला ही सवलत नको; तिथे महिन्याभरात पाच अर्ज हा खरोखरच धोक्याचा इशारा असतो.

आपल्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशामुळे अहवाल पाहिला गेला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल येतो. पाऊल चांगलंच आहे, पण तो संदेश येईपर्यंत एन्क्वायरी पडलेली असते. कर्ज जुळवून देणाऱ्या ॲपवर एकाच संमतीतून अर्ज अनेक कंपन्यांकडे जाऊ शकतो. कोणकोण अहवाल मागवणार, त्यांची नावं टिक करण्याआधी मराठीत दिसली पाहिजेत.

नव्या कर्जखात्यांचा परिणामही ग्राहकाला आधी कळत नाही. दुकानातल्या वित्तकंपनीकडून शून्य व्याजावर हप्त्याने घेतलेला मोबाइल हे अहवालात स्वतंत्र कर्जखातं असतं. त्याने खात्यांचं सरासरी वय घटतं आणि गुण घसरू शकतात. ज्याच्याकडे एखादंच जुनं कार्ड आहे, त्याला हा फटका जास्त बसतो. दुकानातल्या फॉर्मवर हे ठळक छापायला लावा.

चुकीची एन्क्वायरी काढायची तर अहवालावरचा कंट्रोल नंबर देऊन क्रेडिट कंपनीकडे तक्रार करावी लागते. मात्र संबंधित बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ती नोंद हटत नाही. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे; पण तोवर घराच्या सौद्याची मुदत टळून गेलेली असू शकते. म्हणून तक्रार दाखल होताच ती वादग्रस्त एन्क्वायरी निकाल लागेपर्यंत गुणांतून बाजूला ठेवावी.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण घटत नाहीत, हेही बँकांच्या शाखांत फलकावर लावायला सांगा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल या भीतीपोटी मागवायचा राहून जातो.

आपले,
कर्जसल्लागार, महाराष्ट्र