सूचना: मतदार यादीतलं नाव आत्ताच तपासा

सर्व सभासदांना,

ओळखपत्र कपाटात आहे म्हणजे यादीत नाव आहेच, असं नाही. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर ओळखपत्राचा क्रमांक टाका. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपून ठेवा.

गिरगाव-दादरहून इथे बोरिवलीत आलेल्यांनी अर्ज क्रमांक ८ भरावा. बरेच जण पुन्हा क्रमांक ६ भरतात. त्यात 'माझं नाव इतरत्र नाही' असं लिहून द्यावं लागतं. जुनं नाव निघालं की ती खोटी माहिती, म्हणजे गुन्हा. क्रमांक ६ फक्त पहिल्या नोंदणीसाठी. पोरांना त्यासाठी १ जानेवारीचीच वाट पाहायला नको: १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही पात्रता तारखा (त्या दिवशी १८ वर्षं पूर्ण हवीत) आहेत.

मतदानाला नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. ओळखपत्र, आधार किंवा पॅन कार्ड सोबत न्या.

शंका असल्यास मतदार हेल्पलाइन १९५० वर फोन करा.

– सचिव