मिनी ट्रॅक्टरच्या क्लच प्लेटचं लायनिंग निघालं आणि तुम्ही सांगता ट्रॅक्टरच बदला

प्रति,
कस्टमर केअरचे मुख्य आणि त्यांच्या वर जे कोणी बसतात ते सगळे

आत्ताच तुमच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं, माझं वाक्य अर्धं असताना त्याने फोन कट केला, म्हणून आता लेखी देतोय. तुम्ही ट्रॅक्टरचे पार्ट विकता, त्यामुळे क्लच प्लेट कुठे बसते आणि ती बदलायला ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ब्रेकच्या वायरसारखं पाच मिनिटांचं काम नाही ते. प्लेट खराब निघाली म्हणजे ट्रॅक्टर परत फोडायचा, मजुरी परत द्यायची, आणि तेवढे दिवस बाग फवारणीविना उघडी.

ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती, एमटी १८०डी, २००४ चं मॉडेल. तुमच्या ॲपवर हेच मॉडेल निवडून प्लेट मागवली, पेजवर 'ओई क्वालिटी' (म्हणजे कंपनीच्या मूळ पार्टच्या दर्जाची) आणि ६ महिन्यांची वॉरंटी स्पष्ट लिहिलेली आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आमच्या मिस्त्रीने बसवली. प्रेशर प्लेटचे फिंगर लेव्हल केले, रिलीज बेअरिंग नवीन टाकलं, पेडलला फ्री प्ले ठेवला, सगळं नीट केलं. हा माणूस निफाड-पिंपळगाव पट्ट्यात वर्षानुवर्षं मिनी ट्रॅक्टरचंच काम करतो, त्यामुळे 'फिटिंग चुकलं असेल' हे मला ऐकवू नका, ते ऐकून झालंय.

ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले आणि वरून पाऊस आला. द्राक्षवाल्याला विचारा अशा वेळी काय होतं ते. डाउनी, म्हणजे केवडा रोग, थांबत नाही, पाऊस उघडला की लगेच फवारणी पाहिजे, पानाखाली पांढरं दिसायला लागलं की मग पळापळ करून उपयोग नसतो, घडात शिरली की घड गेला. मी ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडून बागेत शिरलो आणि अर्ध्या बागेत इंजिन नुसतं रेस व्हायला लागलं, ट्रॅक्टर जागचा हलेना, मग गिअर टाकायला गेलो तर करकर आवाज. हा सिंगल क्लचचा ट्रॅक्टर, क्लच गेला की मागचा पीटीओ शाफ्ट, ज्यावर ब्लोअर फिरतो, तो पण गेला, म्हणजे ब्लोअर बंद, औषध टाकीत तसंच. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला तो त्याची बाग झाल्यावर रात्री, तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

ट्रॅक्टर परत फोडला. आता हे नीट वाचा कारण तुमचा माणूस म्हणाला की मी हाफ क्लचवर, म्हणजे पेडलवर पाय अर्धा दाबून, चालवतो म्हणून प्लेट जळली. प्लेट जळलेली नाही. जळाली असती तर लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) काळं गुळगुळीत झालं असतं, झिजून रिवेटला टेकलं असतं, फ्लायव्हीलवर निळे डाग पडले असते. फ्लायव्हील स्वच्छ आहे, एक डाग नाही. लायनिंग पूर्ण जाडीचं आहे, नव्यासारखं, फक्त ते प्लेटवर नाहीये. एका बाजूचा तुकडाच्या तुकडा रिवेटमधून फाटून बाहेर आलाय, रिवेट प्लेटवर तशीच उभी आहेत आणि लायनिंगची भोकं चिरलेली आहेत. बोटाने दाबलं की कडेचा भुगा होतो. हे चालवणाऱ्याचं काम नाही, हे बनवणाऱ्याचं काम आहे. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आणि आता तो कॉल. तुमच्या कॉल सेंटरच्या मुलाने 'सीनियर'ना जोडून दिलं. त्यांनी प्लेटबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिला प्रश्न, "सर व्हेइकल किती सालचं आहे?" मी म्हटलं २००४. तर म्हणाले, "सर मग ते तर स्क्रॅपला जायला पाहिजे, पंधरा वर्षं कधीच होऊन गेली." मी म्हटलं अहो साहेब, शेतीच्या ट्रॅक्टरचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी आरटीओत रिन्यू होतं, ५ वर्षांसाठी, माझं झालेलं आहे, आरसी बुक हातात आहे, तुम्ही प्लेटचं बोला. तर म्हणाले, "सर तुम्ही समजून घ्या, एवढ्या जुन्या मशीनवर पैसे घालण्यात पॉइंट नाही, आमच्याकडे नवीन मिनी ट्रॅक्टरची स्कीम आहे, लोन पण आम्हीच करून देतो, डाउन पेमेंट किती करू शकाल?" मी गप्पच झालो दोन सेकंद. ज्या माणसाची फवारणी तुमच्या प्लेटमुळे चुकली त्याला तुम्ही डाउन पेमेंट विचारता? मी म्हटलं मला ट्रॅक्टर नको, माझ्या प्लेटचं काय ते सांगा. तेव्हा म्हणाले, "क्लच प्लेट कंझ्युमेबल आयटम आहे सर, यूज झालेला पार्ट रिटर्न होत नाही. आणि सर, जुना ट्रॅक्टर घेताना विचार करायला पाहिजे होता." आणि कट.

विचार करायला पाहिजे होता म्हणे. ऐका मग कसा घेतला ते. मालकाला आधी सांगून ठेवलं होतं की सकाळी मी येईपर्यंत चालू करायचा नाही, थंड इंजिनला सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात सुरू झाला. डिपस्टिक पाहिली, ऑइलमध्ये पाणी नाही. रेडिएटरचं झाकण उघडून रेस केला, बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट चांगलं. ब्रीदरला हात लावून बघितला, बॅक प्रेशर नाही. पीटीओ शाफ्ट हाताने हलवून प्ले बघितला, पुढची चाकं जॅकवर उचलून किंग पिन बघितले. चेसिस नंबर आरसीशी जुळवला, बँकेचा बोजा उतरलाय याची खात्री केली आणि मगच पैसे दिले. तुमच्या सीनियरनी याच्या निम्मं तरी माझ्या प्लेटकडे बघितलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि जुनाच का, तर माझी बाग मांडवाची, ९ फुटी ओळ, मोठा ट्रॅक्टर आत शिरला की वरच्या काड्या मोडतो. हा १८.५ एचपीचा, तीन सिलिंडर, ९०० सीसी, बुटका आणि अरुंद, ओळीत आरामात फिरतो. इंजिनावर एक सेन्सर नाही, डिझेल पंप मेकॅनिकल, गावचा मिस्त्री झाडाखाली बसून दुरुस्त करतो. वेळच्या वेळी ऑइल, डिझेल फिल्टर, एअर क्लीनरची सफाई, ग्रीस, एवढं केलं की हे इंजिन माणसाला दगा देत नाही. आधीची ओरिजिनल प्लेट कित्येक सीझन चालली आणि काढली तेव्हा झिजलेली होती, फाटलेली नव्हती. असे ट्रॅक्टर आमच्या भागात अजून कितीतरी बागांमध्ये चालू आहेत, त्यांचे मालक पार्टसाठी तुमच्याचसारख्या कंपन्यांकडे येतात, आणि तुम्हाला आमचं जुनं मशीन चालतं तेव्हा चालतं जेव्हा पार्ट विकायचा असतो. पार्ट फुटला की लगेच ते स्क्रॅप.

तुमच्याकडून याआधी फिल्टर, बेल्ट, होज पाइप सगळं घेतलंय, चार जणांना तुमचं नाव पण सांगितलंय, त्याचं आता वाईट वाटतं.

मला नवीन प्लेट नकोय, त्याच लॉटची तर अजिबात नको. प्लेटचे पैसे परत, ट्रॅक्टर फोडून परत जोडायची मजुरी परत, बिलं सोबत जोडली आहेत. तुमचा टेक्निकल माणूस पाठवा, सेल्सवाला नको, त्याने येऊन रिवेट आपल्या डोळ्यांनी बघावीत. आणि त्या लॉटच्या उरलेल्या प्लेट ॲपवरून काढा, दुसऱ्या कोणाची फवारणी चुकायच्या आत.

१५ दिवस थांबतो. नंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. २०१९ च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही, त्यामुळे तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला मी येणार नाही, तुम्हालाच नाशिकला यावं लागेल. फाटलेली प्लेट, लायनिंगचा तुकडा आणि तुमचा बॉक्स लॉट नंबरसकट पिशवीत बांधून ठेवलाय, तो आता आयोगासमोरच उघडेन नाहीतर तुमच्या माणसासमोर.

आणि परत डाउन पेमेंटसाठी फोन करू नका.

एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक