भाऊ, लॅपटॉप चांगला निघाला

भाऊ,

सप्रेम नमस्कार.

नवा लॅपटॉप निवडायला मदत केलीत म्हणून फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं ताई, गिऱ्हाईक हाय" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दाम टाळला आहे. तो दिला तर अर्धं अकोला सल्ला मागायला तुमच्या काउंटरवर उभं राहील आणि दुरुस्तीची कामं तशीच पडून राहतील. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मात्र लिहिते. आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत: अकरावीतल्या मुलाला गेम खेळायचे, मुलीला कॉलेजची ड्रॉइंग करायची, मला शाळेचं यू-डायस (शाळेची माहिती) आणि शालार्थ (पगाराचं काम) ऑनलाइन भरायचं, सासूबाईंना नाशिकच्या नातीचं तोंड पाहायचं, आणि पैसे एकाच लॅपटॉपचे. तेही ६० हजार, ओढूनताणून ६५.

जुना लॅपटॉप तुमच्याच हाताखालून गेलेला. इंटेलच्या सहाव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, थांबवला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते. म्हणजे तो कितीही धडधाकट असला तरी पुढे नेता येणार नव्हता. तुम्ही सरळ म्हणालात, "आजीले व्हिडिओ पाहाले ठेवा, बँकेचं काम त्याच्यावर नोका करू." तो अजून देवघराशेजारी चालू आहे.

नव्याची चौकशी करायला आम्ही आलो तेव्हा मुलाकडे कंपन्यांची आणि मॉडेलांची भली मोठी यादी होती. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "आधी सांगा, ठेवसान कुठी?" मला वाटलं, चेष्टा करताय. पण तुम्ही वर्षभर मोडकेच लॅपटॉप उघडता, त्यामुळे तुमचा विचार तिथूनच सुरू होतो. गेमिंग लॅपटॉप हवा खालून ओढतो आणि मागून किंवा बाजूने गरम करून फेकतो. गादीवर ठेवला की खालची जाळी बंद. अकोल्याच्या मे महिन्यात घरातली हवाच इतकी तापलेली असते की पंख्याला थंड असं काही ओढायलाच मिळत नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि पोरगं म्हणतं, लॅपटॉप खराब निघाला. विकणाऱ्या एकाही माणसाने आम्हाला हे विचारलं नव्हतं.

त्यानंतर खेळांची नावं. ही यादी तुम्ही मुलाकडूनच वदवून घेतलीत आणि तिथेच अर्धा खर्च वाचला. व्हॅलोरंट हलका आहे, तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी प्रोसेसरच्या अंगच्याच ग्राफिक्सवर चालतो. फक्त विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात, ज्या नव्या लॅपटॉपमध्ये असतातच. माइनक्राफ्टचं ओझं नाही. जीटीए ५ मी खोडलं, कारण त्यावर युरोपात १८ वर्षांचा शिक्का आहे आणि आमचा १६ चा. (त्याचं म्हणणं, सगळे खेळतात. असतील.) उरला फोर्झा होरायझन ५. "बस, हा एक चालला म्हणजे झालं," असं तुम्ही म्हणालात. एवढ्या एका गाडीच्या खेळासाठी लाखाचा लॅपटॉप घेणाऱ्यांना तुम्ही रोज पाहता, हेही तेव्हाच कळलं.

ग्राफिक्स कार्डाबद्दल (खेळातली चित्रं काढणारा भाग) तुम्ही जे दाखवलंत ते मला कुठल्याच जाहिरातीत दिसलं नव्हतं. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०५० या कार्डाचं नाव एकच, पण लॅपटॉपमध्ये ते ३५ वॅटवरही चालवतात आणि ८० वॅटवरही. कंपनीने किती वीज दिली त्यावर वेग ठरतो, आणि बाहेरच्या स्टिकरवर हा आकडा नसतो. तो कंपनीच्या तपशीलपत्रात 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टीजीपी' या नावाखाली शोधावा लागतो. "नाव नोका पाहू ताई, वॅट पाहा." शिवाय याच कार्डाला ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन मेमरी येतात. लॅपटॉपची रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, बऱ्याचदा पुढे वाढवता येते, ग्राफिक्सची मेमरी कधीच नाही. त्यामुळे तिथे ४ वर समाधान मानू नका, दोन हजार जास्त गेले तरी चालतील, हे तुम्ही ठासून सांगितलंत. दुकानदार आम्हाला आरटीएक्स २०५० गळ्यात मारत होता. तो वाईट नाही, पण त्यात ४ जीबीच असते आणि मेमरीची वाटही अरुंद, ६४ बिटची.

प्रोसेसरचं गणित मुलाला फार आवडलं. आता तो मित्रांना पढवत असतो. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा कोणत्या वर्षाची मालिका ते सांगतो, पण आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२० यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव), जी २०१९ ची रचना. ७५३५ एचएस मध्ये तो ३, म्हणजे झेन ३ च्या घराण्यातला. दोन्हींवर 'रायझन ५' असंच छापलेलं. माझ्या मते ही ग्राहकाची शुद्ध दिशाभूल आहे, पण तुम्ही फक्त हसलात. शेवटचं अक्षर पाहायलाही शिकवलंत: यू असेल तर बॅटरी वाचवणारा, एच किंवा एचएस असेल तर दमाचा. इंटेलकडे आय५-१२४५०एच मध्ये चार मोठे आणि चार छोटे असे आठ कोअर, म्हणजे काम करणारे भाग, मिळतात, तोही चालला असता. आम्हाला ७५३५ एचएस स्वस्तात मिळाला, इतकंच.

रॅमच्या बाबतीत तुम्ही आमचे अडीच-तीन हजार वाचवलेत असं मी धरून चालते. १६ जीबीचं मॉडेल खूप महाग पडत होतं. तुम्ही म्हणालात, ८ चं घ्या, पण दोन स्लॉट मोकळेपणाने उघडतात का ते पाहा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते आणि मग आयुष्यभर तेवढीच. एकच पट्टी असली की प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच रस्ता मिळतो, दोन पट्ट्या लावल्या की दोन. "एका नळावर दोन घरं भरत नाहीत," हे तुमचं वाक्य. आणि उघडायच्या आधी कंपनीला ईमेल करून लेखी विचारायला लावलंत की रॅम वाढवली तर वॉरंटी राहील का. राहील असं उत्तर आल्यावरच तुम्ही स्क्रू ड्रायव्हर उचललात. एसएसडी, म्हणजे फाइली आणि खेळ साठवायची जागा, ५१२ जीबीची. विंडोज मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे ती ४७६ दाखवतं, त्यावरून घरात दोन दिवस 'आपल्याला फसवलं' अशी चर्चा झाली. फोर्झा एकटाच १०० जीबीच्या वर जागा खातो. दुसऱ्या एसएसडीची जागा रिकामी आहे हे तुम्ही आधीच पाहून ठेवलं होतं.

स्क्रीनवरून मात्र आपलं वाजलं. मुलाला १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा स्क्रीन, हवाच होता. तुम्ही मुलीकडे वळून विचारलंत, "रंगाचं काम तू करतेस ना?" स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत १४४ हर्ट्झ सर्रास असतो, पण पॅनल ४५ टक्के एनटीएससीचा (रंग किती दाखवतो त्याचं माप), म्हणजे लाल फिका, हिरवा मरगळलेला. छापून आल्यावर पोस्टर भलतंच दिसतं. मुलगी कमर्शियल आर्टला आहे, तिची वर्षाची मेहनत त्यात जाते. शेवटी १०० टक्के एसआरजीबीचा (हेही रंगांचंच माप) १४४ हर्ट्झ मिळाला, ३०० निट्स उजेडाचा, पण त्यासाठी लॅपटॉपचा रंग आणि मॉडेल दोन्हींवर तडजोड करावी लागली. कीबोर्डच्या रंगीत दिव्यांना तुम्ही नाक मुरडलंत, ते मला पटलं नाही. आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते तेव्हा त्याच दिव्यांवर मी हजेरी भरते.

डेस्कटॉपबद्दल तुम्ही खरं बोललात: त्याच पैशात तो जास्त दमदार येतो, उघडायला सोपा, तापतही कमी. तुमचा नफा कशातच नव्हता, म्हणून ते ऐकायला बरं वाटलं. पण आमच्या दोन खोल्यांत त्याला कायमचं टेबल कुठून आणायचं? आणि लाइट गेली की लॅपटॉपला निदान स्वतःची बॅटरी असते. हे ऐकून तुम्ही लगेच सावध केलंत की बॅटरीवर गेम खेळू नका, ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळतच नाही. चार्जर विटेएवढा जड आणि तीन पिनांचा. दुसऱ्या दिवशी घरी येऊन तुम्ही टेस्ट लॅम्पने सॉकेट तपासलंत आणि अर्थिंग नाही हे दाखवलंत. जुन्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या त्याचं कारण तेच. वायरमनकडून ते करून घेतलं. त्यानंतर तुम्ही चहाही न घेता निघालात.

विकत घेण्याच्या दिवशीच्या दोन सूचना तर सोन्याच्या ठरल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला म्हणून लॅपटॉपही उतरला असेल, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणत होते. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप आधीही १८ होता, नंतरही १८. तेव्हा 'जीएसटी सूट' म्हणणाऱ्या दुकानदाराला ती नेमकी कशावर, हे विचारता आलं. 'नो कॉस्ट ईएमआय'चंही तसंच: व्याजाइतकी सूट देतात, पण त्या व्याजावर जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. "एकूण रुपये किती जातील ते लिहून मागा." तो आकडा लिहून मागितल्यावर आम्ही रोख दिले. घरी आल्यावर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली तेही तपासलं. बरोबर निघाली.

आता लॅपटॉप बैठकीच्या टेबलावर असतो. चौघांची चार खाती आहेत. मुलाचं साधं, म्हणजे काही बसवायचं झालं की माझा पासवर्ड लागतो. यावर तो अजून नाराज आहे. परीक्षेच्या काळात खेळाचे तासही मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीतून बांधून टाकले. मला विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड तुम्हीच चालू करून दिलात, त्यामुळे शाळेचे अहवाल आता मी स्वतः टाइप करते. यांनी शेताचा सातबारा घरबसल्या काढला. रविवारी एचडीएमआय लावून सासूबाई टीव्हीवर नातीला पाहतात आणि ती पलीकडून ओरडते, "आजी, कॅमेऱ्यापासून जरा लांब बस!" बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचं तुम्ही सांगितलं होतं, तेही कंपनीच्या ॲपमध्ये करून ठेवलं आहे. फोर्झा मध्यम सेटिंगवर व्यवस्थित पळतो. पंख्याचा आवाज येतो, पण तुम्ही तो येणारच म्हणाला होतात.

तुम्ही सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, अर्थिंग तपासल्याचेही नाही. रॅम बसवल्याचे घ्यावेच लागतील. मे महिन्याच्या आधी पंखा साफ करायला मुलगा लॅपटॉप घेऊन येईल, त्याच्याकडे पाकीट देते आहे. ते परत पाठवू नका. सोबत मैत्रिणीचाही लॅपटॉप आहे, त्याचं बिजागर उचकटलंय. तिने आधीच मला विचारलं, भाऊ रागावतील का? मी म्हटलं, गादीवर ठेवून वापरतेस हे सांगू नकोस म्हणजे झालं.

तुमची,
शाळेतली ताई
अकोला