तुझा त्रिकोण चुकला नव्हता

पिल्लू,

हा आठवडा माझी नाइट आहे, मी सकाळी घरात पाय टाकतो तेव्हा तुझी रिक्षा गेलेली असते आणि तू क्लासवरून येतीस तोवर मी शिरोलीच्या कारखान्याच्या वाटेला लागलेलो असतो. म्हणून जे समोर बसून बोलायचं होतं ते लिहून लॅपटॉपखाली ठेवतोय. सावकाश वाच, होमवर्क झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

रविवारचं बोलायचंय. स्क्रॅचमध्ये, त्या ब्लॉक जोडून पडद्यावरचं मांजर चालवायच्या मुलांच्या प्रोग्रामिंगमध्ये, तुझा चौकोन पहिल्या फटक्यात आला, आईला आणि आजीला तू हाताला धरून आणून दाखवलास, आजीनं तर त्या मांजराला विचारलं, दूध घेतोस का रे. मग तू त्रिकोण काढायला घेतलास. रिपीट ३, मूव्ह १००, टर्न ६०, म्हणजे तीन वेळा शंभर पावलं चाल आणि ६० अंश वळ; ६० कारण गणिताच्या पुस्तकात समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० लिहिलाय आणि ते तुला पाठ आहे. आणि आलं काय तर तीन रेघांचं एक उघडंच काहीतरी, तोंड न मिटलेलं. तू ब्लॉक काढून परत जोडलेस, परत तेच, चार वेळा तेच. मी तिथं मागं उभा होतो, मला उत्तर माहीत होतं, आणि मी तुझ्या हातातून माऊस घेतला, ६० चं १२० केलं, प्रोग्राम चालवायच्या हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं आणि म्हटलं हे बघ, झालं. तू काहीच बोलली नाहीस. लॅपटॉप मिटलास आणि आत गेलीस.

मला रात्री मशिनवर उभं राहिल्यावर कळलं की तो त्रिकोण माझा होता, तुझा नव्हताच. सॉरी बाळा. माऊस घ्यायला नको होता मी.

आणि आता खरी गोष्ट, जी मी तेव्हा सांगायला पाहिजे होती. तुझं ६० बरोबर होतं, पुस्तकपण बरोबर, मांजरपण बरोबर. फक्त पुस्तक आतला कोन सांगतंय आणि मांजराला हवाय वळायचा कोन. आपण गच्चीवर खडूनं एक त्रिकोण काढूया आणि तू त्याच्या रेघेवरून चाल. कोपऱ्याला पोचलीस की तुझं नाक कुठं असतं? समोर, आलेल्या रेघेच्या सरळ पुढं. पुढची बाजू पकडायला तिथून किती फिरावं लागतंय ते स्वतःच्या अंगाला विचार, लई फिरावं लागतं, जवळजवळ मागं वळल्यासारखं. सरळ रेघ म्हणजे १८०, त्यातले ६० आत राहिले, उरलेले १२० तुला वळायचेत. चौकोनात आत ९० आणि वळायचं पण ९०, म्हणून तिथं हा फरक दिसलाच नाही, तिथं तू आतला कोन दिला असतास तरी चित्र बरोबरच येणार होतं. चुकायची जागा चौकोनात लपून बसली होती, त्रिकोणानं ती दाखवली.

तुझं ते उघडं चित्र काय होतं सांगू? अर्धा नट. बोल्टावर बसतो तो सहा कोनांचा नट. रिपीटमध्ये ३ च्या जागी ६ घाल आणि बाकी कशाला हात लावू नकोस, बघ काय येतंय. तू षटकोन काढायला निघाली होतीस आणि अर्ध्या वाटेत थांबलीस एवढंच.

हे सगळं पाठ करायला नको, तुला अंबाबाईच्या देवळाची प्रदक्षिणा माहीत आहे ना, आजीबरोबर दर शुक्रवारी घालतीस. जिथून निघालीस तिथंच परत येतीस आणि निघताना तोंड जिकडं होतं तिकडंच असतं. म्हणजे मधे कितीही कोपरे आले तरी सगळं वळणं मिळून एक पूर्ण गिरकी झाली, ३६०. देवळाच्या भिंतीला तर कोपरेच कोपरे आहेत, अगदी भिंतीला घासून चाललीस तर कधी उजवीकडं वळशील कधी डावीकडं, पण उजवं मिळवायचं आणि डावं वजा करायचं, शेवटी हिशेब ३६० लाच येतो. आता तीन कोपरे असतील तर एकेकाला किती? चार असतील तर? सहा असतील तर? आणि पाच टोकांची चांदणी, जी तू वहीच्या मागं पेन न उचलता काढतीस, तिच्यात मांजर एका गिरकीत परत येत नाही, त्याला दोन लागतात. ७२० भागिले ५, १४४. करून बघ, मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री दीड वाजता टाळी वाजवली होती, आईला विचार.

रेघेवरून स्वतः चालून बघायचं हे माझ्या डोक्यातलं नाही बरं का. १९६७ साली अमेरिकेत लोगो नावाची मुलांसाठीची भाषा तयार झाली, ती करणाऱ्यांत सेमूर पॅपर्ट म्हणून एक गणिती होते. त्यांचं म्हणणं असं की मुलानं स्वतःला लोगोतल्या कासवाच्या जागी ठेवावं, आपलं अंग कसं वळतं ते मुलाला आधीच माहीत असतं. लोगोत मांजर नव्हतं, कासव होतं, आणि सुरुवातीला तर जमिनीवर फिरणारं, पोटाला पेन लावलेलं खरंखुरं मशिन होतं. स्क्रॅच बरंच नंतरचं, २००७ चं, एमआयटी मीडिया लॅबमधलं, पण तुझं पेन डाऊन, रेघ काढायला पेन टेकवायचा तो ब्लॉक, त्या कासवाकडूनच आलंय.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो, कारण तू विचारलं होतंस की पप्पा तुमच्या सीएनसीवर पण असलंच असतं का. असलंच असतं. सीएनसी म्हणजे प्रोग्रामनं चालणारं धातू कापायचं मशिन, आणि त्या प्रोग्रामच्या एका ओळीला आम्ही ब्लॉकच म्हणतो. जी ०० म्हणजे टूल न कापता भरकन जागेवर ने, तुझं पेन अप. जी ०१ म्हणजे कापत जा, तुझं पेन डाऊन. एकच काम परत परत करायचं असेल तर ते वेगळं लिहून ठेवतो आणि एम ९८ नं बोलावतो, ते म्हणजे तुझे स्वतः बनवलेले माय ब्लॉक्स. फरक एवढाच की तुझ्याकडं सगळं पुसायला इरेज ऑल आहे आणि माझ्याकडं लोखंड.

मी नवीन लागलो होतो तेव्हा झेडच्या, म्हणजे टूल कुठवर जायचं त्या आकड्याच्या, पुढं एक मायनस नको तिथं पडला आणि टूल धाडकन जाऊन चकवर, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्यावर, आपटलं. आवाजानं सगळं शॉप फिरून बघायला लागलं. मला वाटलं गेली नोकरी. आमचे मेस्त्री आले, मशिन बंद केलं, आणि मला म्हणाले प्रोग्रामवर बोट ठेव आणि एकेक ओळ मोठ्यानं वाच, मशिन काय करणार ते तूच सांग. सातव्या का आठव्या ओळीला मला मायनस दिसला. त्यांना तो येतानाच दिसला असणार, पण त्यांनी बोट नाही दाखवलं. ते माझ्या शेजारी तसेच उभे राहिले, कामाचा खोळंबा होत असताना. मला त्यांनी जे दिलं ते मी तुला रविवारी दिलं नाही, हे मला फार लागलंय.

म्हणून अडलीस की तू पण तसंच कर. आमच्याकडं सिंगल ब्लॉक म्हणून बटण असतं, एक ओळ चालते आणि मशिन थांबतं. स्क्रॅचमध्ये तसं करायचं तर रिपीटच्या आत वेट १ सेकंद टाक, नाहीतर ब्लॉक सुटा ठेवून त्याच्यावरच क्लिक कर, तेवढाच चालतो. एकदा मूव्ह, एकदा टर्न, आणि प्रत्येक वेळी क्लिक करायच्या आधी तोंडानं सांगायचं की आता कुठं जाणार. जिथं तुझं सांगणं आणि मांजराचं जाणं वेगळं झालं, तिथंच बघायचं.

दोन गोष्टी मात्र आत्ताच सांगून ठेवतो, त्यात शोधण्यासारखं काही नाही, नुसता वैताग होतो. मांजर थांबलं तिथंच आणि त्याच तोंडानं राहतं, दुसरं चित्र तिथूनच सुरू होतं, म्हणून कधी कधी दुसरा चौकोन तिरका येतो. झेंड्याच्या खाली आधी पेन अप, इरेज ऑल, मग गो टू ० ०, म्हणजे मधोमध, मग पॉइंट ९०, म्हणजे तोंड उजवीकडं, आणि मगच पेन डाऊन, आम्ही पण काम सुरू करायच्या आधी मशिन होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, नेतो तसं. आणि पडदा ४८० बाय ३६० चाच आहे, मधे शून्य, म्हणजे उजवीकडं २४० आणि वर १८०, त्याच्यापुढं ढकललंस तर मांजर कडेला अडतं आणि चित्र वाकडं येतं.

आता एक काम. आई दारात सहा पाकळ्यांचं कमळ काढते ना, ते स्क्रॅचमध्ये काढायचं. एक पाकळी म्हणजे दोन कमानी. एक कमान अशी, रिपीट ६०, आत मूव्ह २ आणि टर्न १. ती संपली की पाकळीच्या टोकाशी वळायचं, मग तीच कमान परत, मग परत तेवढंच वळायचं, की पाकळी मिटली आणि मांजर निघालं तिथं आणि त्याच तोंडानं. टोकाशी किती वळायचं तो आकडा मी लिहीत नाही. प्रदक्षिणेचा हिशेब कर, कमानीत किती वळून झालंय ते आधी मोज.

शनिवारी सकाळी माझी शेवटची नाइट संपतीय. मी झोपलेलो असलो आणि तुझं कमळ आलं तर उठव. नाही आलं तरी उठव, मी शेजारी बसतो, माऊस तुझ्याकडंच राहू दे.

तुझा,
पप्पा